पुन्हा त्याच वर्गात : ग्रेनाडाच्या प्राथमिक शाळेत स्वयंसेवक शिक्षक म्हणून जाणाऱ्यांसाठी

जानेवारी २०२५मध्ये मी कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा देशातल्या एका प्राथमिक शाळेत दुसऱ्यांदा गेले, तेव्हा बालवर्गाच्या कपाटात माझी चित्रकार्डं सापडली. दोन वर्षांपूर्वी सावंतवाडीला छापून घेतलेली, दोनशे कार्डं. अर्ध्याहून जास्त गठ्ठ्यांचं प्लॅस्टिकही कोणी काढलं नव्हतं. त्यांवर आगगाडी होती, उंट होता, स्वेटर होता. ग्रेनाडात आगगाडी नाही, उंट नाही आणि स्वेटर घालावा अशी थंडी कधी पडत नाही. त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर एक दोनशेपानी वही होती. पुठ्ठा निघालेला, पानांचे कोपरे दुमडलेले, एका पानावर आमरसाचा डाग. पहिल्या फेरीच्या शेवटच्या महिन्यात, कार्डं चालत नाहीत हे कळल्यावर, मुलांनी सांगितलेल्या गोष्टी मी त्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. ती वही दोन वर्षं रोज हाताळली जात होती.

माझं सांगणं त्या कपाटातूनच सुरू होतं. तुमचं काय टिकलं आणि काय पडून राहिलं, हे पहिल्या फेरीत दिसत नाही, परत गेल्यावर दिसतं. म्हणून जायचं असेल तर दोनदा जायचं ठरवूनच पहिली फेरी आखा. दोन वेगळ्या देशांत एकेकदा जाण्यापेक्षा एकाच शाळेत दोनदा जाणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

मी सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षं शिकवलं. मुलगी नोकरीनिमित्त ग्रेनाडात असते, म्हणून माझं तिकडे जाणं झालं. खाली लिहिलंय ते ग्रेनाडापुरतं खात्रीचं आहे. शेजारच्या सेंट व्हिन्सेंट, सेंट लुशिया, डॉमिनिका या बेटांवर त्यातलं बरंचसं लागू पडेल, पण प्रत्येक बेटाचं शिक्षण खातं वेगळं आहे.

आधी देश समजून घ्या

ग्रेनाडा ३४४ चौरस किलोमीटरचा देश, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही लहान. मुख्य बेट, शिवाय कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक ही दोन लहान बेटं. राजधानी सेंट जॉर्जेस. ७ फेब्रुवारी १९७४ला ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं. झेंड्यावर जायफळ आहे. प्राथमिक शाळा बालवर्गापासून सहावीपर्यंत. बऱ्याच शाळा कॅथलिक, अँग्लिकन किंवा मेथॉडिस्ट चर्चच्या आहेत, पण पगार आणि अभ्यासक्रम सरकारचा. आपल्याकडच्या अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कारभार पटकन उमगेल.

१ मे १८५७ या दिवशी ‘मेडस्टन’ नावाचं जहाज मळ्यांवर राबायला करारावर आणलेले भारतीय मजूर घेऊन ग्रेनाडाला लागलं. तारीख वाचून आपल्याला महाराष्ट्र दिन आठवतो, पण त्या माणसांचा मराठी मुलखाशी संबंध नव्हता. त्यांच्या वंशजांची भाषा पुढे चर्चच्या शाळांत शिकता शिकता गेली. वर्गात एखादं मूल दिसायला आपल्यासारखं असेल. त्याला हिंदी येईल, त्याच्या घरी देवघर असेल, असं धरून चालू नका. ते ग्रेनेडियन आहे.

पायरी पहिली : बोलावणं कोणाचं आहे ते पाहा

शाळेने बोलावल्याशिवाय जाऊ नका. मुख्याध्यापकांना पत्र लिहा : मी काय शिकवते, किती आठवडे येऊ शकते, तुम्हाला कशाची गरज आहे. उत्तर यायला वेळ लागतो, महिना लागला तरी लागू द्या. शाळेने होकार दिला की ती तुमचं नाव शिक्षण मंत्रालयाला कळवते. ती परवानगी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. बिनपगारी काम असलं तरी पर्यटक म्हणून उतरून वर्गात उभं राहणं बरोबर नाही, आणि त्याचा त्रास तुमच्याआधी शाळेला होतो.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींना आणखी एक वाट आहे, पीस कॉर्प्स या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेची. पूर्व कॅरिबियनच्या बेटांवर त्यांचं काम मुख्यतः प्राथमिक शाळेतल्या वाचन-लेखनाचं असतं. प्रशिक्षणासह २७ महिने द्यावे लागतात. जगाचा नकाशा दाखवून दोन आठवड्यांच्या ‘शिकवण्याच्या सहली’साठी भली मोठी फी घेणाऱ्या संस्थांपासून मात्र लांब राहा. दोन आठवड्यांत मुलांची नावंही पाठ होत नाहीत.

दुसऱ्यांदा जाताना पत्रात तीनच प्रश्न विचारा. मागच्या वेळचं काय अजून वापरात आहे? काय बंद पडलं? या वर्षी कोणत्या वर्गाला माणूस हवा आहे? मी विचारले, तर मुख्याध्यापक बाईंनी बंद पडलेल्या गोष्टींची चार ओळींची यादी पाठवली. ती वाचताना वाईट वाटलं, पण पुढची सगळी तयारी त्या चार ओळींवर झाली.

पायरी दुसरी : महिना निवडा

शाळेचं वर्ष सप्टेंबरात सुरू होऊन जुलैच्या सुमारास संपतं. सत्रं तीन. पहिल्या सत्रावर वादळांचं सावट असतं : १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. तिसऱ्या सत्रात सहावीचा वर्ग परीक्षेत बुडालेला असतो. कॅरिबियन परीक्षा मंडळाची ही प्राथमिक शाळा सोडतानाची परीक्षा, सगळे तिला ‘सीपीईए’ म्हणतात. त्यातले ४० टक्के गुण वर्षभराच्या शाळेतल्या कामाचे, प्रकल्प आणि लेखनासकट, आणि ६० टक्के बाहेरून येणाऱ्या लेखी परीक्षेचे.

नवख्या माणसाला जानेवारी ते ईस्टर हे मधलं सत्र सगळ्यांत चांगलं. हवा कोरडी, मुलं रुळलेली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्वातंत्र्यदिनाची तयारी असते. लाल-पिवळे-हिरवे कपडे, गाणी, गल्लीतल्या दगडांना आणि फुटपाथच्या कडांना झेंड्याचे रंग. आपल्या प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेऱ्यांत वाढलेल्या शिक्षकाला तिथे परकं वाटत नाही. त्याच सत्रात मैदानी खेळांचा जोर असतो. गुआवे गावच्या किरानी जेम्सने २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचं सोनं जिंकलं, ते या देशाचं पहिलंच ऑलिंपिक पदक. त्या दिवसांत पळायला न जाणारं मूल शोधून सापडत नाही. वाचनाचा तास मैदानाच्या वेळेत ठेवू नका.

पायरी तिसरी : कागद, प्रवास, औषधं

हे पटकन सांगते. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून घ्या, मुलांमध्ये काम करायचं तर ते लागतंच. पदवीच्या आणि डी.एड.च्या साक्षांकित प्रती न्या. ग्रेनाडाचा प्रवेशाचा नियम तिकिटाआधी तपासा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेतून नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, हे ऐन वेळी कळून लोक विमानतळावरून परत फिरलेत.

आणखी एक बाब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. परतताना चार दिवस त्रिनिदादला थांबायचा मोह होतो. त्रिनिदाद भारताच्या पीतज्वर यादीत आहे. तिथे मुक्काम करून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं कार्ड नसलं, तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. डेंगी तिथेही आहे, तेव्हा डासांचं मलम सोबत ठेवा.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, तीन चौकोनी पायांचं. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकन डॉलरला २.७० हा भाव १९७६पासून बदललेला नाही. घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे.

पायरी चौथी : काय न्यायचं, काय नाही

छापील काहीही नेऊ नका. कोऱ्या जाड वह्या, रंगीत खडू, मार्कर, चिकटपट्टी, सुतळी, कात्री आणि कोरे पुठ्ठे न्या. दमट हवेत कागद वाकडा होतो, म्हणून झाकणाचा डबा हवा. भेट न्यायचीच तर मुलांना वाटायला नाही, शाळेला द्या. एकाला पेन्सिल दिली आणि दुसऱ्याला पुरली नाही, तर तो दिवस संपला.

पायरी पाचवी : पहिला आठवडा फक्त बघा

सकाळी सगळी शाळा रांगेत उभी राहते. प्रार्थना, भजन, सूचना. तुमचा धर्म कोणताही असो, तेवढा वेळ हात जोडून किंवा नुसतं शांत उभं राहणं पुरेसं आहे. आपल्याकडच्या परिपाठाची सवय इथे कामी येते.

सगळ्यांत महत्त्वाची रीत म्हणजे ‘गुड मॉर्निंग’. वर्गात, दुकानात, मिनीबसमध्ये पाय ठेवताच आधी हे म्हणायचं, मग पुढचं बोलायचं. न बोलता जाऊन बसणारा माणूस तिथे उद्धट समजला जातो. मी पहिल्या दिवशी बसमध्ये नुसतं हसून बसले. शेजारच्या आजी माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनीच मोठ्याने ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं आणि माझ्या उत्तराची वाट पाहिली. त्या दिवसापासून मी चुकले नाही. उतरायचं असेल तर बसच्या टपावर आतून टकटक करतात.

मुलं ‘मिस’ किंवा ‘टीचर’ म्हणून पुढे तुमचं पहिलं नाव लावतील. वर्गशिक्षिकेला मुलांसमोर तुम्हीही तसंच म्हणा. वर्ग तिचा आहे. तिने मुलांना कडक शब्दांत दरडावलं तर मध्ये पडू नका. कॅरिबियनच्या शाळांत मुलांना मारायचा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मार बंद केला, पण तो शिक्षकांच्या मनातून जायला कायद्यानंतरही बरीच वर्षं लागली, हे आपण दोन्ही बाजूंनी पाहिलंय. माझ्यासमोर छडी चालणार नाही, एवढं मी मुख्याध्यापक बाईंना पहिल्या भेटीतच, एकांतात आणि नम्रपणे सांगितलं. त्यांनी ते पाळलं. वर्गात बोलले असते तर माझं आणि त्या शिक्षिकेचं नातं तिथेच संपलं असतं.

मुलांचे फोटो काढू नका. गरज पडली तर शाळेच्या परवानगीने वह्यांचे काढा.

पायरी सहावी : घरची बोली आणि पुस्तकाची इंग्रजी

इथे जरा थांबते, कारण सगळं शिकवणं यावर उभं आहे.

ग्रेनाडाची राज्यभाषा इंग्रजी. पण मुलं घरी बोलतात ती ग्रेनेडियन क्रिओल. शब्द बहुतेक इंग्रजीतले, व्याकरण मात्र तिचं स्वतःचं. ‘काल तो गेला’ म्हणताना क्रियापद बदलत नाही : ‘ही गो येस्टडे’. काळ ‘येस्टडे’ने सांगितला, मग क्रियापदाने पुन्हा कशाला सांगायचा? अनेकांना उद्देशून ‘तुम्ही’ म्हणायला ‘ऑलयू’ हा स्वतंत्र शब्द आहे, जो पुस्तकी इंग्रजीत नाहीच. ‘थ’चा उच्चार ‘ट’ किंवा ‘ड’ होतो, त्यामुळे तीनचा आकडा आणि झाड, ‘थ्री’ आणि ‘ट्री’, कानाला एकच. शब्दाच्या शेवटची जोडाक्षरं गळतात : ‘टेस्ट’चं ‘टेस’.

सिंधुदुर्गात मी वर्षानुवर्षं ‘माका’ आणि ‘तुका’वर लाल पेन चालवलं. मूल ‘माका आवडता’ असं लिहायचं, मी ‘मला आवडतं’ करायचे आणि वर ‘अशुद्ध’ असा शेरा मारायचे. त्या मुलांचं लिहिणं हळूहळू आटायचं, आणि मी त्याला आळस म्हणायचे. ते चूक होतं. हे मला सात समुद्रांपलीकडे, स्वतःला परक्या असलेल्या बोलीत समजलं. तिथे कोण चूक नि कोण बरोबर हे ठरवण्याचा अधिकारच माझ्याकडे नव्हता, म्हणून ऐकावं लागलं.

तेव्हा करायचं काय? मुलाला ‘चुकलं’ म्हणू नका. म्हणा : ‘घरी आपण असं म्हणतो. पुस्तकात कसं म्हणतात?’ फळ्याचे दोन भाग करा, डावीकडे घरचं वाक्य, उजवीकडे पुस्तकातलं. मुलं आठवड्याभरात स्वतःच ओळखायला लागतात. पण हे सुरू करण्याआधी वर्गशिक्षिकेशी बोला. बोली फळ्यावर लिहिलेली काही पालकांना आवडत नाही. ‘आमच्या मुलांना परीक्षेत इंग्रजी लिहायची आहे’ हे त्यांचं म्हणणं खरं आहे. उजवी बाजू कधीच कोरी राहणार नाही, हे त्यांना दाखवा.

आणि ध्वनी शिकवताना ‘थ’ सगळ्यांत शेवटी घ्या. तुमचा स्वतःचा भारतीय ‘थ’ही इंग्रजांचा नाही, हे विसरू नका. मी जीभ दातांमध्ये धरून आरशासमोर सराव केला, मग मुलांसोबत आरसा घेऊन बसले. ‘व्ह’ आणि ‘व’मध्ये मी चुकायचे, ते मुलांनी मला शिकवलं.

पायरी सातवी : गोष्टींची वही

दुसरी-तिसरीतली वाचायला अडणारी पाच-सहा मुलं घ्या, जास्त नको. रोज वीस मिनिटं, आंब्याच्या झाडाखाली किंवा व्हरांड्यात, वर्गशिक्षिकेच्या नजरेच्या टप्प्यात. एक मूल एक गोष्ट सांगतं, तीन-चार वाक्यांची. तुम्ही ती त्याच्यासमोर, मोठ्या अक्षरात, त्याच्याच शब्दांत वहीत लिहा. मग बोट ठेवत सगळ्यांनी वाचायची. गोष्ट मुलाचीच असल्यामुळे पुढचा शब्द काय येणार हे त्याला माहीत असतं, आणि अक्षर त्याला दुजोरा देतं. दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टीची पुस्तकी आवृत्ती समोरच्या पानावर मुलांच्याच मदतीने लिहा. तिसऱ्या दिवशी त्यातले चार शब्द उचलून ध्वनींचा खेळ. चौथ्या दिवशी मूल स्वतः एक वाक्य वाढवतं. पाचव्या दिवशी ते घरी जाऊन आजीला वाचून दाखवतं.

विषय शोधावे लागत नाहीत. मासेमारीला गेलेले काका, रस्त्यावर आलेली खेकड्यांची रांग, जायफळ फुटतं तेव्हा आत दिसणारी लाल जायपत्री. एका मुलाने शेळीच्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली, ती दोन वर्षांनी अख्ख्या शाळेला पाठ होती.

गणिताला जायफळासारखं साधन नाही. प्रत्येकाच्या अंगणात मिळतं, गोल, हातात मावणारं, फुकट. दहा-दहाचे ढीग, वजन, अंदाज, भागाकार. कोकणातल्या शिक्षकाला वेगळं सांगायला नको, नारळी-पोफळीच्या सावलीतलं आपल्या लाखी बागेतलं झाड ते हेच.

जेवण आणि शेजार

ग्रेनाडाचा राष्ट्रीय पदार्थ ‘ऑइल डाउन’. नीरफणस, अळूची पानं, नारळाचं दूध, हळद आणि खारवलेलं मांस, एकाच मोठ्या पातेल्यात रस आटून तेल सुटेपर्यंत शिजवायचं. तिथे हळदीला ‘सॅफ्रन’ म्हणतात, केशर समजून फसू नका. मी शाकाहारी, म्हणून शेजारणीने माझ्यासाठी मांस न घालता केलं. घास घेतला आणि आईच्या हातच्या नीरफणसाच्या भाजीची आठवण होऊन बोलताच येईना. पातेलं गल्लीत उघड्यावर चढतं, आणि बोलावलं की जायचं. तिथेच पालक भेटतात. शाळेतल्या सभेला न येणारा बाप तिथे लाकडं सारत बसलेला असतो.

जुन्या जखमा

७ सप्टेंबर २००४ला इव्हान चक्रीवादळाने देशातली दहातली नऊ घरं मोडली आणि जायफळाच्या बागा आडव्या केल्या. झाड लावल्यापासून फळ यायला सहा-सात वर्षं लागतात, तेव्हा बागाईतदाराचं काय झालं असेल ते आपल्याला सांगावं लागत नाही. १ जुलै २०२४ला बेरिल आलं. कॅरियाकूवर जवळजवळ काही उभं राहिलं नाही, आणि मुख्य बेटाच्या उत्तरेकडे, सेंट पॅट्रिक भागातही छपरं उडाली. माझी शाळा याच भागातली. बाहेर नुसता वारा वाढला तरी काही मुलं लिहिणं थांबवून पत्र्याकडे बघत. अशा वेळी धडा पुढे रेटू नका. खिडकीशी जाऊन सगळ्यांनी मिळून आभाळ बघा, पाऊस कुठून येतोय ते बोला, मग बसा. वादळाची गोष्ट सांगा असं मुलाला कधीही म्हणू नका. सांगावीशी वाटली तर ते स्वतः सांगेल.

दुसरी जखम मोठ्यांची. १९ ऑक्टोबर १९८३ला पंतप्रधान मॉरिस बिशप आणि त्यांचे सहकारी पक्षातल्या फुटीतून गोळीबारात मारले गेले आणि आठवड्याच्या आत अमेरिकेचं सैन्य उतरलं. लहान बेट आहे, दोन्ही बाजूंची घरं एकाच गल्लीत राहतात. या विषयावर तुम्ही प्रश्न विचारू नका, मत तर अजिबात देऊ नका. पण बिशप यांच्याच काळात, १९८०मध्ये, लोकशिक्षण केंद्राची साक्षरता मोहीम सुरू झाली आणि तरुण स्वयंसेवक गावोगाव प्रौढांना वाचायला शिकवू लागले, हे माहीत असू द्या. माझ्या घरमालकीण बाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या आणि स्वतःच्या आजोबांना शिकवत होत्या. एका रात्री वीज गेली असताना त्यांनीच ते सांगितलं. स्वयंसेवक शिक्षक ही गोष्ट ग्रेनाडाला आपण नेत नाही, ती तिथे आपल्या आधीपासून आहे.

शेवटची पायरी : निघण्याआधीचे पंधरा दिवस

या पंधरा दिवसांत तुम्ही शिकवायचं नाही. वर्गशिक्षिका किंवा सहावीतली मोठी मुलं वही घेऊन बसतील, तुम्ही शेजारी. जे त्यांना तुमच्याशिवाय जमत नाही, ते तुम्ही गेल्यावर बंद पडणार, हे तेव्हाच कळतं. बदलायला वेळ असतो.

मुलांना ‘मी परत येईन’ असं सांगू नका, तिकीट हातात असल्याशिवाय तर नाहीच. लहान मूल दिवस मोजतं. मुख्याध्यापकांना मात्र कोणत्या वर्षी, किती आठवड्यांसाठी यायचा विचार आहे ते लिहून द्या, आणि तोवर सत्रातून एकदा पत्र पाठवा.

वहीत पानं कोरी ठेवून या. मी पहिल्या वेळी नाइलाजाने, वेळ संपला म्हणून, ऐंशीएक पानं कोरी सोडली होती. परत गेले तेव्हा त्यातली बासष्ट भरलेली होती, तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत. शेवटची गोष्ट तिसरीतल्या एका मुलीने स्वतः लिहिलेली, पहिलीत असताना जी माझ्यासमोर महिनाभर एक शब्द बोलली नव्हती. डाव्या पानावर घरची, उजव्या पानावर पुस्तकातली.